रामा राघोबा राणे यांचे शौर्य शाळेतल्या मुलांना कसे सांगावे?

निवृत्त सॅपर (मेहकर तालुका)

आमच्या गावच्या शाळेने यंदा परमवीर चक्राच्या एका मानकऱ्याचे चरित्र वरच्या वर्गांना सविस्तर सांगायचे ठरवले असून ते काम माझ्याकडे आले आहे. माझी नोकरी बॉम्बे सॅपर्समध्ये (म्हणजे बॉम्बे इंजिनिअर्समध्ये, सैन्यासाठी रस्ते करणाऱ्या आणि सुरुंग काढणाऱ्या दलात) झाली, त्यामुळे कुणाचे चरित्र घ्यावे याचा फार विचार करावा लागला नाही. सेकंड लेफ्टनंट, पुढे मेजर, रामा राघोबा राणे हे आमच्याच, खडकीच्या केंद्राच्या परंपरेतले. आजवरच्या २१ परमवीरांमध्ये इंजिनिअर्सचे ते एकटेच आहेत, आणि २१ पैकी १४ जणांना हे पदक मरणोत्तर मिळालेले असताना राणे मात्र ते छातीवर लावून पुढे कितीतरी वर्षे जगले.

अडचण आहे ती सांगण्याची. गावात शौर्यकथा सांगण्याची एक ठरलेली रीत आहे. शत्रू किती होते, आपला वीर किती जखमी झाला, त्याने किती जणांना लोळवले आणि प्राण सोडताना तो काय बोलला, हे सगळे क्रमाने आले की टाळ्या पडतात. राणे यांच्या पदकाच्या मानपत्रात, म्हणजे कामगिरीच्या अधिकृत नोंदीत, यातले जखमी होणे तेवढे आहे. त्यांनी एक तरी शत्रू मारल्याचा उल्लेख त्यात नाही. त्यात रस्ता आहे, सुरुंग आहेत, आडवी पाडलेली चिडाची (पाइनची) झाडे आहेत आणि पानभर वेळा नोंदवलेल्या आहेत.

काश्मीरसाठी पाकिस्तानशी झालेल्या पहिल्या युद्धात, ८ एप्रिल १९४८ रोजी सकाळी ११ वाजता, जम्मू भागातल्या नौशेरा ते राजौरी रस्त्यावर दक्षिण नदपूरजवळ, राणे आपल्या तुकडीसह पुढचे सुरुंग काढण्यासाठी रणगाड्यांपाशी थांबलेले असताना शत्रूने उखळी तोफांचा मारा सुरू केला. त्यांच्या तुकडीतले दोन जवान जागीच गेले आणि राणे धरून पाच जण जखमी झाले. त्यांनी उरलेल्यांची पुन्हा जुळवाजुळव करून लगेच काम सुरू केले. पुढे बरवाली धार आपल्या ताब्यात आली, तरी शत्रू तिथून पुरता हटलेला नव्हता. अशा वेळी रणगाड्यांसाठी वळणरस्ता काढायला ते पुढे गेले आणि शत्रूच्या डोळ्यांसमोर रात्री १० पर्यंत काम करत राहिले. दुसऱ्या दिवशी सकाळी ६ ला पुन्हा सुरुवात, दुपारी ३ ला वळणरस्ता तयार. मग सर्वांत पुढच्या कॅरियरमध्ये (चिलखती गाडीत) बसून अर्धा मैल जातात न जातात तोच चिडाची झाडे आडवी. ती स्फोटकांनी उडवली. पुढे ३०० यार्डांवर पुन्हा तेच. त्यानंतर उडवून दिलेली मोरी, तिच्यावर मशीनगनचा मारा, पुन्हा वळणरस्ता. सव्वासहाला उजेड सरत आलेला असताना पाच मोठ्या झाडांचा अडथळा लागला, ज्याच्या भोवती सुरुंग पेरलेले होते. ते सुरुंग काढायला त्यांनी सुरुवात केलीही होती, पण ताफ्याच्या प्रमुखाने परिस्थिती पाहून ताफा रात्रीसाठी मागे सुरक्षित जागी नेला.

१० एप्रिलला पहाटे पावणेपाचला त्याच झाडांपाशी राणे परत हजर. साडेसहापर्यंत तो अडथळा मोकळा केला, पुढच्या हजार यार्डांतले अडथळे साडेदहापर्यंत. दुपारी २ ला रणगाडे चिंगसला पोहोचले, मात्र हे गृहस्थ मागून येणाऱ्या रसदीच्या गाड्यांसाठी अन्न आणि विश्रांतीविना रात्री ९ पर्यंत रस्ताच नीट करत होते. ११ तारखेला सकाळी ६ ते ११ चिंगसपर्यंतचा रस्ता खुला केला, आणि पुन्हा रात्री १० पर्यंत पुढचा.

हे वाचताना रोजगार हमीच्या कामावरचे हजेरीपत्रक हाती घेतल्यासारखे वाटते: माणूस कामावर कधी आला, कधी सुटला, काम किती झाले. माझ्या मते या माणसाचे शौर्य नेमके त्या नोंदींतच आहे. पण ते सातवी-आठवीच्या मुलांना कसे पोहोचवावे, याविषयी जाणकारांनी सुचवावे.

मास्तर (वरूड)

हवालदारसाहेब, मुलांना प्रथम नकाशा दाखवावा, असे मी सुचवेन. राजौरी कुठे आहे आणि तिथे पोहोचायची इतकी घाई का होती, हे कळल्याशिवाय पहाटे पावणेपाचला काम सुरू करण्याचा अर्थच लागत नाही. १९४७ च्या नोव्हेंबरात राजौरी हल्लेखोरांच्या हाती गेली. डिसेंबरच्या २४ तारखेला झांगर गेले. ६ फेब्रुवारी १९४८ ला नौशेऱ्यावर मोठा हल्ला झाला, तो ब्रिगेडियर मोहम्मद उस्मान यांच्या सैन्याने परतवला. नाईक जदुनाथ सिंह यांना मरणोत्तर परमवीर चक्र मिळाले ते त्याच दिवसाच्या तैनधारच्या लढाईसाठी. मार्चमध्ये झांगर परत मिळाले आणि मग राजौरीकडे कूच झाले. तिथल्या लोकांवर झालेल्या अत्याचारांच्या बातम्या येत होत्या आणि उशिराचा प्रत्येक दिवस त्या लोकांच्या जिवावर बेतणारा होता. १२ एप्रिलला सैन्य राजौरीत शिरले. तुम्ही दिलेली शेवटची नोंद ११ एप्रिलच्या रात्रीची आहे, हे मुलांच्या लक्षात आणून द्या. बाकीचे ती स्वतः जुळवतील.

थोडे अवांतर : चिंगस हे काश्मीरकडे जाणाऱ्या जुन्या मोगल वाटेवरचे मुक्कामाचे ठिकाण असून तिथे आजही सराई उभी आहे. काश्मीरहून परतताना १६२७ मध्ये वारलेल्या जहांगीर बादशहाची आतडी तिथे पुरल्याचे सांगतात. हे सांगितले की मागच्या बाकावरची मुलेही मान वर करतात, असा माझा अनुभव आहे.

काळीमाती (दारव्हा)

मी सैन्यातला नाही, शेतकरी आहे, म्हणून एक साधा प्रश्न. रणगाडा जर शेताच्या धुऱ्यावरून, नाल्यातून, कुठूनही जाऊ शकतो, तर त्याला रस्त्यावरची झाडे आणि फुटकी मोरी कशी काय अडवते? मुले हाच प्रश्न विचारतील.

निवृत्त सॅपर (मेहकर तालुका)

भाऊ, प्रश्न अगदी रास्त आहे. आपल्याकडच्या सपाट काळ्या रानात त्या झाडांना वळसा घालून जाता आले असते. तिथला रस्ता डोंगराच्या कुशीतून सापासारखा वळत जातो. एका हाताला उभा कडा आणि दुसऱ्या हाताला खोल दरी. त्या वेळचे स्टुअर्ट रणगाडे तसे हलकेच, तरी सुमारे १४ टनांचे. रस्त्यावर झाड आडवे पडले की त्यांना उतरायला बाजूच नसते. मोरी उडवलेली असली की डोंगराची कड खणून, दगड भरून, नाल्यात उतरणारा आणि पलीकडे चढणारा उतार तयार करावा लागतो, आणि त्याची माती १४ टनांखाली ढासळता कामा नये. वळणरस्ता म्हणतात तो हा. त्यातही अडथळा घालणारा शत्रू अडाणी नसतो. तो नुसते झाड पाडून थांबत नाही, झाडाभोवती सुरुंग पेरतो आणि समोरच्या टेकडीवरून त्याच जागेवर मशीनगन रोखून बसतो. म्हणजे झाड हटवायला येणारा माणूस जिथे गुडघे टेकणार, ती जागा आधीच मोजून ठेवलेली असते.

कामठीकर

मी स्वतः गार्ड्सचा (ब्रिगेड ऑफ द गार्ड्स या पायदळ रेजिमेंटचा), कामठीच्या रेजिमेंटल सेंटरमध्ये घडलेला, त्यामुळे माझे मत थोडे वेगळे आहे आणि ते स्पष्टच मांडतो. राणेसाहेबांविषयी पूर्ण आदर ठेवूनही मला वाटते की, शाळेतल्या मुलांसाठी प्रत्यक्ष झुंजीची कथाच अधिक योग्य ठरेल. आमच्या रेजिमेंटचे लान्स नाईक अल्बर्ट एक्का घ्या. १९७१ च्या डिसेंबरमध्ये, पूर्व आघाडीवर गंगासागरच्या लढाईत, आपल्या कंपनीला जखडून ठेवणाऱ्या लाइट मशीनगनच्या बंकरवर हा माणूस एकटा धावून गेला, संगिनीने दोघांना संपवून ती मशीनगन त्याने बंद पाडली आणि गंभीर जखमी होऊनही तो एकामागून एक बंकर साफ करत साथीदारांबरोबर पुढे जात राहिला. शेवटी एका पक्क्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून मिडियम मशीनगन सुरू झाली, तेव्हा सरपटत जाऊन त्याने आत हातबॉम्ब टाकला. तरी ती थांबेना, म्हणून बाजूच्या भिंतीवर चढून आत शिरला आणि ती बंद पाडली. ठाणे जिंकल्यावर त्याने प्राण सोडला. हे ऐकताना मुले श्वास रोखून धरतात. वळणरस्ता आणि मोरी ऐकताना ती जांभया देतील, अशी मला भीती वाटते.

निवृत्त सॅपर (मेहकर तालुका)

कामठीकरसाहेब, एक्का यांच्यापुढे मीही नतमस्तक आहे आणि त्यांचे नाव शाळेत घेतले जाईलच. मात्र जांभयांविषयी मी सहमत नाही. सुरुंग काढणे म्हणजे काय हे मुलांना ठाऊक नसते, म्हणून त्यांना ते नीरस वाटते.

आम्हाला प्रशिक्षणात जे शिकवले ते सांगतो. जमिनीवर पालथे पडायचे. संगीन किंवा टोचणी तिरकी धरायची आणि हलक्या हाताने माती टोचत पुढे सरकायचे. उभी टोचली तर टोक सुरुंगाच्या माथ्यावर, म्हणजे नेमके दाबाच्या जागी बसते. तिरकी टोचली तर ते त्याच्या कुशीला लागते. काहीतरी कठीण लागले की थांबायचे. तो बहुतेक वेळा दगडच असतो, पण प्रत्येक दगडाला सुरुंग समजूनच हात लावायचा, आणि डोंगरातल्या रस्त्यावर दगडांना तोटा नसतो. मग बोटांनी माती बाजूला सारायची आणि सुरुंगाच्या कडेने, खाली, हळूहळू चाचपायचे. रणगाड्यासाठी पेरलेला सुरुंग सहसा माणसाच्या वजनाने फुटत नाही, परंतु तो जागचा उचलला की फुटावा अशी कळ त्याच्या बुडाशी लावलेली असू शकते. हे करताना घाम डोळ्यांत उतरतो आणि तो पुसायलाही हात मोकळा नसतो. आमच्या वेळी समोर उस्ताद उभे असत आणि सुरुंग निकामी केलेले असत, तरी माझी बोटे कापत. राणे हे काम जखमी अवस्थेत, मशीनगनच्या माऱ्यात, दोन साथीदार डोळ्यांदेखत गेल्यानंतर करत होते.

दुसरे असे की, एकदा धावून जाण्यात जे धैर्य लागते ते रक्त तापलेले असताना येते, त्याची किंमत मी कमी मानत नाही. मात्र रात्री मागे येऊन, थोडे पडून, पहाटे पुन्हा त्याच झाडांपाशी जाताना रक्त थंड झालेले असते आणि काल काय घडले ते पूर्ण आठवत असते.

कामठीकर

धावून जाण्याविषयीचे तुमचे म्हणणे मला अर्धेच मान्य आहे. एक्का यांना पहिल्याच बंकरपाशी गंभीर जखम झाली होती आणि त्यानंतर त्यांनी मैलभर खोलीचे ठाणे साथीदारांबरोबर पार केले. रक्ताचा ताव इतका वेळ टिकत नाही. तिथेही प्रत्येक बंकरपाशी नव्यानेच ठरवावे लागले असणार. असो. सुरुंगाचे वर्णन मात्र असेच्या असे मुलांना सांगा. त्यावर एकही जण जांभई देणार नाही, एवढे मी मान्य करतो.

भरतीची तयारी (आर्वी)

हवालदारकाका, मी सध्या भरतीची तयारी करते आहे, म्हणून विचारते. राणेसाहेब सुरुवातीपासून अधिकारी होते का, आणि त्यांचे घर कसे होते? आमच्याकडे मुलांना असे वाटते की परमवीर म्हणजे मोठ्या लष्करी घराण्यातलाच माणूस.

निवृत्त सॅपर (मेहकर तालुका)

ताई, घर अगदी साधे. कारवारजवळच्या चेंडिया गावी २६ जून १९१८ चा त्यांचा जन्म. कारवार तेव्हा मुंबई इलाख्यात होते. वडील पोलीस शिपाई, त्यामुळे सतत बदल्या आणि शिक्षण जिथे मिळेल तिथे. १९३० मध्ये, बारा वर्षांचे असताना, मुलगा गांधीजींच्या आंदोलनाकडे ओढला गेला आणि वडिलांनी कुटुंब गावी परत नेले. सरकारी पोलिसाच्या घरात तेव्हा काय बोलणी झाली असतील याची आपण कल्पना करू शकतो.

१० जुलै १९४० ला ते बॉम्बे इंजिनिअर्समध्ये भरती झाले, आणि तेही साधे सॅपर म्हणून. आपल्या तुकडीतला सर्वोत्तम रिक्रूट म्हणून त्यांना कमांडंटची छडी मिळाली. नंतर २८ फील्ड कंपनीबरोबर ते ब्रह्मदेशात गेले. तिथला एक प्रसंग मुलांना अवश्य सांगण्यासारखा आहे. अराकानमधून माघार घेताना त्यांना काही माणसांसह बुथिडाँगला मागे ठेवले होते, ते शत्रूच्या हाती लागू नये असे सामान उडवून देण्यासाठी. काम झाल्यावर नौदलाच्या जहाजांनी त्यांना उचलायचे होते, पण तो बेत फसला. मग जपानी गस्तीची नदी आपल्या माणसांसह स्वतःच्याच हिकमतीने ओलांडून ते डिव्हिजनला येऊन मिळाले. त्यानंतर ते हवालदार झाले.

अधिकारी म्हणून कमिशन मिळाले ते १५ डिसेंबर १९४७ ला. म्हणजे नौशेरा-राजौरी रस्त्यावर उभे राहिले तेव्हा खांद्यावर तारा येऊन चार महिनेही झालेले नव्हते, मात्र हातांना ते काम साडेसात वर्षांचे ठाऊक होते. आपल्या हाताखालच्या सॅपरला कुठे भीती वाटते आणि कोणत्या दगडापाशी त्याचा हात थांबतो, हे त्यांनी स्वतः सॅपर असतानाच अनुभवलेले होते. पहिल्याच माऱ्यात दोन माणसे गेल्यावरही उरलेली तुकडी लगेच कामाला लागली, याचे एक कारण मला इथे दिसते.

मास्तर (वरूड)

एका गोष्टीचा खुलासा व्हावा. राणे यांच्याविषयी असेही वाचायला मिळते की, ते रणगाड्याच्या खाली शिरून त्याच्याबरोबर सरपटत पुढे गेले आणि चालकाला दोऱ्या ओढून 'थांब' आणि 'चल' अशा खुणा करत राहिले. मुलांना हा प्रसंग फारच आवडेल. पण तुम्ही सांगितलेल्या मानपत्रात तो आलेला नाही.

निवृत्त सॅपर (मेहकर तालुका)

बरोबर, तो मानपत्रात नाही. आमच्याकडे मात्र तो पिढ्यान्‌पिढ्या सांगितला जातो आणि परमवीरांवरच्या लेखनातही येतो. त्यात अशक्य असे काही नाही, कारण समोरून गोळ्या येत असताना वाटेतला सुरुंग पाहायचा तर रणगाड्याच्या पोटाखाली जो आडोसा मिळतो तो दुसरीकडे कुठे मिळणार? तरीही मी तो 'असे सांगतात' म्हणूनच सांगेन. मानपत्रातल्या गोष्टी इतक्या भक्कम आहेत की त्यांना टेकू लावायची गरज नाही.

काळीमाती (दारव्हा)

माझे एक म्हणणे नोंदवून ठेवतो. पहिल्याच माऱ्यात जे दोन जवान गेले, ते मुलांना 'दोन जवान ठार' एवढ्या ओळीत सांगून पुढे जाऊ नका. मानपत्र एकाचे असते, कारण पदक एकाच्या छातीवर लावायचे असते. डोंगराची कड मात्र एकट्याने खणली जात नाही. झाडे उडवली तेव्हा बुंध्याला दारू कुणी बांधली, दगड कुणी वाहिले, हेही मुलांना विचारू द्या. आमच्या भागातली जी पोरे सैन्यात जातात त्यातली बहुतेक शिपाई म्हणून जातात, अधिकारी म्हणून नाही.

निवृत्त सॅपर (मेहकर तालुका)

भाऊ, ही सूचना शिरसावंद्य. आधी त्या दोघांसाठी वर्ग उभा राहील आणि मगच पुढची नोंद वाचली जाईल.

भरतीची तयारी (आर्वी)

आणि पुढे? युद्धानंतर त्यांचे काय झाले?

मास्तर (वरूड)

ताई, ते थोडक्यात सांगतो. परमवीर चक्र २६ जानेवारी १९५० ला सुरू झाले आणि ते १५ ऑगस्ट १९४७ पासूनच्या शौर्याला लागू केले गेले; म्हणून १९४८ च्या कामगिरीसाठी राणे यांना ते मिळू शकले. त्या पदकाची रचना सावित्रीबाई खानोलकर यांची, म्हणजे एका मराठी लष्करी अधिकाऱ्याशी लग्न करून इथल्याच झालेल्या परदेशी बाईंची. राणे १९६८ मध्ये मेजर म्हणून निवृत्त झाले, त्यानंतरही १९७१ पर्यंत त्यांनी पुनर्नियुक्तीवर सैन्यातच काम केले. ११ जुलै १९९४ ला पुण्यात त्यांचे निधन झाले. कारवारच्या समुद्रकिनाऱ्यावर त्यांचा पुतळा आहे. शिपिंग कॉर्पोरेशनच्या एका तेलवाहू जहाजाला त्यांचे नाव दिले होते, आणि २०२३ मध्ये अंदमान-निकोबारच्या २१ बेटांना २१ परमवीरांची नावे दिली गेली, त्यात त्यांचेही आहे. पुतळा, जहाज आणि बेट झाले. एखाद्या रस्त्याला त्यांचे नाव देणे सर्वांत शोभले असते, असे मला आपले वाटते.

कामठीकर

मास्तर, हे मात्र लाख बोललात. हवालदारसाहेब, एक सुचवतो. त्या चार तारखांच्या नोंदी चार मुलांकडून मोठ्याने वाचून घ्या; एकाने ८ एप्रिल, दुसऱ्याने ९, असे. तुम्ही मध्ये बोलू नका. वाचून झाल्यावर सुरुंग कसा काढतात ते जमिनीवर पालथे पडून दाखवा, गुडघे साथ देत असतील तर. एक्का यांची कथा सांगायला मी येईन, पण तुमच्यानंतर.

निवृत्त सॅपर (मेहकर तालुका)

ठरले. गुडघे कुरकुरतात, पण तेवढ्यापुरते साथ देतील. मास्तर, नौशेरा ते राजौरीचा नकाशा फळ्यावर काढण्याचे तुमच्याकडे लागले. त्यात बरवाली, चिंगस आणि तवी नदी नीट दिसली पाहिजे. मानपत्राचे मराठी मी स्वतः करतो आहे आणि त्याच्या प्रती वर्गाला पुरतील इतक्या काढून आणतो. वेळा मात्र आकड्यांतच ठेवतो.